मियाटाच्या पॉप-अप हेडलाइटमध्ये बॅलास्ट आणि रिले कुठे बसवावेत?

निशाचर (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी. इथले गाड्यांचे धागे बहुतेक मायलेज आणि कर्जाच्या हप्त्यांवर जातात, पण हाताला ग्रीस लावून घेणारे तीन-चार जण इथे आहेत हे माहीत आहे, म्हणून विचारतोय.

गाडी १९९२ ची माझदा मियाटा, १.६ लिटर, पॉप-अप दिव्यांची पहिली पिढी. मूळचे दिवे ७ इंची गोल सील्ड बीम, म्हणजे काच, आरसा आणि फिलामेंट सगळा एकच नग. त्याजागी ७ इंची घरात बाय-झेनॉन प्रोजेक्टर (भिंगातून प्रकाश टाकणारा, अपर-डिपर दोन्ही देणारा दिवा) बसवलाय. डी२एस कॅप्सूल (फिलामेंटऐवजी वायूतल्या ठिणगीने पेटणारे एचआयडी बल्ब) ४३०० केल्विनच्या, ३५ वॉटचे दोन बॅलास्ट (कॅप्सूलला हवी तशी वीज पुरवणारे डबे), वेगळे इग्नायटर (पेटवायचा झटका देणारे), रिलेचं हार्नेस (रिले म्हणजे छोट्या सिग्नलवर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, हार्नेस म्हणजे वायरींचा तयार जुडगा). दिवे टेबलावर छान पेटतात. अडलंय ते बाकीचं सामान ठेवायचं कुठे यावर. साध्या गाडीत दिव्याच्या मागे जागा असते, इथे दिवाच वर-खाली होतो.

डोक्यात असलेल्या जागा: बंपरच्या आत रेडिएटरच्या पुढची आडवी पट्टी, दिव्याचं बकेट (दिवा ज्यात बसून वर-खाली होतो ते घर), पुढच्या चाकाच्या प्लॅस्टिक अस्तरामागे, नाहीतर फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा). माझा कल रेडिएटरपुढच्या पट्टीकडे आहे. तिथे तयार भोकं आहेत, वारा लागतो, हात पोचतो.

कुणी केलंय का?

वायरमन (पुणे)

मियाटा हाताखालून गेलेली नाही, पण बॅलास्ट भरपूर बसवलेत. आधी दोन गोष्टी सांगा. बॅलास्टपासून इग्नायटरपर्यंतची वायर किती लांब आहे, आणि इग्नायटरपासून कॅप्सूलपर्यंतची किती? जागा त्या वायरी ठरवतात. तयार भोकं बघून जागा ठरवायची नसते साहेब.

रेडिएटरपुढची जागा सोडा. वारा लागतो हे खरं, पण पावसाचं पाणी, खडी आणि किडे त्याच वाऱ्याबरोबर येतात. शिवाय पार्किंगमध्ये कुणी हलकेच ठोकलं तरी पहिला मार तिथे. कॅप्सूल पेटवताना २० हजार व्होल्टच्या वरचा झटका देणारी वस्तू गाडीच्या नाकावर कशाला टांगायची?

साधा_बल्ब (डोंबिवली)

मुळात एचआयडी कशाला? ३० वर्षं जुन्या गाडीत दिवे मंद वाटतात त्याचं कारण बहुतेक वेळा वायरिंग असतं. बारीक वायर, जळकट स्विच, गंजलेलं अर्थिंग. हॅलोजनला व्होल्टेज १० टक्के कमी मिळालं की प्रकाश जवळजवळ ३० टक्के पडतो. चांगल्या काचेचा एच४ (एकाच बल्बात अपर-डिपरची दोन फिलामेंट) दिवा, ६०/५५ वॉटचा साधा बल्ब आणि दोन रिले लावा. बॅलास्ट नको, इग्नायटर नको, धागाही नको.

निशाचर

@वायरमन, बॅलास्ट ते इग्नायटर साधारण हातभर. इग्नायटर ते कॅप्सूल वीतभर, जाड आवरणाची.

@साधा_बल्ब, मुद्दा मान्य आहे आणि रिले तर मी लावणारच आहे. पण प्रोजेक्टर घेऊन झालेत. आणि खरं सांगू का, उजेडापेक्षा मला प्रोजेक्टरच्या प्रकाशाची वरची कड, ती सरळ कापलेली रेघ हवी आहे. इतक्या बुटक्या गाडीत बसलं की समोरच्या एसयूव्हीचे दिवे थेट डोळ्यांत येतात, निदान आपले तरी कुणाच्या डोळ्यांत जाऊ नयेत.

लेकफ्रंट (शिकागो)

आमच्या गावची गाडी! १९८९ च्या फेब्रुवारीत ती पहिल्यांदा लोकांपुढे आली ती शिकागो ऑटो शोमध्ये. तेव्हापासून आमच्या रस्त्यांवरचं मीठ तिला खातंय.

चाकाच्या अस्तरामागे अजिबात ठेवू नका. तुमच्याकडेही हिवाळ्यात मीठ टाकतातच. ते खारं पाणी अस्तराच्या कडेने आत शिरतं आणि तिथेच साचून राहतं. डब्यावर 'आयपी६७' छापलेलं असलं तरी त्याचा अर्थ एवढाच की मीटरभर खोल स्वच्छ पाण्यात अर्धा तास टिकतो. पाच हिवाळे खारट चिखलात राहील असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. डबा टिकेलही, कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात.

अजून एक. बर्फ पडून झाकणाच्या कडेला गोठला की पॉप-अप उघडायला मोटरला जोर लागतो. बकेटमध्ये सामान भरून वजन वाढवताना हे ध्यानात ठेवा.

कडेची_लेन (सॅन होजे)

सगळे वायरींवर बोलताहेत, म्हणून मी नियमाचं बोलून घेते. अमेरिकेत हेडलाइटना एफएमव्हीएसएस १०८ हे मानक लागू आहे. हॅलोजनसाठी बनवलेल्या घरात एचआयडी कॅप्सूल घालणारी किट त्यात बसत नाहीत, हे महामार्ग सुरक्षा खात्याने वेळोवेळी स्पष्ट केलंय. निशाचर यांनी प्रोजेक्टर घेतलाय, तो मुळातच डी२एस साठी घडवलेला असल्यामुळे प्रकाशाची आखणी ठीक येते. सील्ड बीमसारख्या आरशात नुसती कॅप्सूल ठोकली तर प्रकाश चहूकडे फाकतो आणि समोरचा आंधळा होतो. तरीही घरी जुळवलेल्या दिव्याला कागदोपत्री मान्यता मिळत नाही, हे समजून उमजून करा. न्यू जर्सीत २०१० पासून खासगी गाड्यांची यांत्रिक तपासणी बंद आहे, त्यामुळे कुणी विचारणार नाही. पण अपघात झाला तर विमावाला नक्की विचारेल.

आता जागेबद्दल. आमच्याकडे मीठ नाही, उष्णता आहे. या गाडीत एअरबॉक्स (हवेच्या फिल्टरचा डबा) आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातून धूर बाहेर नेणारे तापलेले पाइप) एकाच बाजूला येतात, त्या बाजूला इंजिनाच्या खोलीत बॅलास्ट नको. फायरवॉलही नको. गाडी ट्रॅकवर पळवून आणून उभी केली की बोनेटखालची सगळी गरमी मागे जाऊन साचते. आणि तिथून कॅप्सूलपर्यंतची वायर लांबवावी लागेल ते वेगळंच.

बुलेटवाला (नाशिक)

मध्येच घुसतोय, माफी. ७ इंची गोल म्हणजे आमच्या बुलेटचा आणि जुन्या जीपचाच आकार ना? मग यांच्यासारखा प्रोजेक्टर माझ्या बुलेटला बसेल का?

वायरमन

भाऊ, बाहेरचा गोल बसेल. मागची खोली मोजा, बुलेटच्या डब्यात आधीच वायरींचा गुंता असतो. आणि मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ वाचून घ्या, कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार केला की तो लागतो. पुढचं बोलायचं तर वेगळा धागा काढा, इथे गल्लत होईल.

निशाचर, आता तुमचं. वायर हातभर आहे म्हणजे बॅलास्ट दिव्यापासून हातभराच्या आतच राहणार. तुम्ही म्हणाल वायर वाढवतो. बॅलास्टमध्ये येणारी १२ व्होल्टची वायर हवी तेवढी वाढवा, फक्त जाड घ्या. बॅलास्टपासून पुढची वायर कापून जोडायची नाही. इग्नायटरपासून पुढची तर कधीच नाही. तिथे आवरण तुटलं की ठिणगी जवळच्या पत्र्यावर उडी मारते, दिवा फडफडतो आणि बॅलास्ट जातो.

म्हणजे दिव्याजवळच्या दोनच जागा उरतात. एक बकेटमध्ये, दुसरी बकेटच्या मागे किंवा बाजूला पक्क्या पत्र्यावर.

बकेटमध्ये ठेवलं तर बॅलास्ट, इग्नायटर, कॅप्सूल सगळं एकत्र वर-खाली होतं, म्हणजे उच्च दाबाची वायर हलतच नाही. हलते फक्त १२ व्होल्टची वायर, ती तुटली तर दिवा विझेल किंवा पत्र्याला टेकून फ्यूज उडेल, बाकी काही नाही. विजेच्या हिशोबाने ही जागा सगळ्यांत चांगली. अडचण वजन आणि जागा. प्रोजेक्टर मुळातच सील्ड बीमपेक्षा जड आणि मागे लांब. आत बॅलास्ट कोंबलात आणि बकेट खाली जाताना तो कशाला घासला, तर रोज घासेल.

म्हणून मी म्हणेन इग्नायटर बकेटवर, बॅलास्ट पक्क्या पत्र्यावर. मग या दोघांमधली वायर हलणार. ती कशी न्यायची यात सगळं काम आहे. बकेट एका आसावर फिरतं. त्या आसापासून लांब वायर नेली तर दर वेळी ती ताणली जाते आणि सैल पडते, आणि तांब्याच्या तारा एकाच जागी दुमडून तुटतात. आसाच्या अगदी लगतून, आसाच्या दिशेनेच नेली तर ती ताणली जात नाही, थोडी पिळली जाते. वितीभर लांबीवर विभागलेला पीळ वायरीला काही करत नाही. मूळ दिव्याची वायर कंपनीने कुठून नेलीय ते बघा, तिच्या सोबतीने जा. दोन्ही टोकांना रबरी अस्तराच्या क्लिपा, मधे थोडी ढील.

साधा_बल्ब

पिळाचा मुद्दा आवडला. दाराच्या बिजागरीतल्या वायरी तुटतात त्या अशाच एकाच जागी दुमडून.

कडेची_लेन

वायरमन दादांना दुजोरा. फक्त एक भर घालते. बॅलास्ट पत्र्यावर बसवताना कनेक्टरचं तोंड खाली ठेवा आणि वायर आधी खाली उतरवून मग वर न्या, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळत कनेक्टरमध्ये न जाता खालच्या वळणावरून टपकून जाईल. लाइट वर असताना तो खड्डा पावसाला उघडाच असतो, पाणी येणार हे धरूनच चाला.

दुहेरी चिकटपट्टीवर भागवू नका. अॅल्युमिनियमची पट्टी वाकवून ब्रॅकेट करा, तयार बोल्टला अडकवा. डबा धातूला टेकलेला असला की त्याची उष्णताही निघून जाते. नवं भोक पाडलंच तर त्याच्या कडेला जस्ताचा प्रायमर आणि रंग लावा, नाहीतर लेकफ्रंटच्या गावचं मीठ तिथून सुरुवात करेल.

निशाचर

हे सोनं आहे. पुठ्ठ्याचे बॅलास्टच्या मापाचे ठोकळे कापले आणि आत ठेवून बघितले. बकेटमध्ये खरंच बसत नाही, दिवा खाली जाताना ठोकळा चेपला गेला. बकेटच्या मागे, मडगार्डच्या आतल्या उभ्या पत्र्यावर दोन्ही बाजूंना जागा आहे. एक्झॉस्टच्या बाजूला जरा पुढे सरकवून एअरबॉक्सच्या आडोशाने ठेवला की गरमीपासून लांब राहतो.

एक सूचना ज्यांना उपयोगी पडेल त्यांच्यासाठी. तिथे हात घालण्याआधी रिट्रॅक्टरचा (दिवे वर-खाली करणाऱ्या मोटरींचा) ३० अँपिअरचा फ्यूज काढून ठेवा. मोटरवर रबरी टोपीखाली एक फिरकी असते, तिने हाताने दिवा वर-खाली करता येतो. पुठ्ठ्याची तपासणी तिनेच केली, हळूहळू फिरवत. बटणाने केली असती तर पुठ्ठ्याऐवजी बोटं चेपली असती.

आता रिले. हार्नेसमध्ये वीज थेट बॅटरीवरून घ्या म्हणून लिहिलंय, आणि या गाडीत बॅटरी डिकीत आहे! पुढून मागपर्यंत नवी केबल ओढू का?

वायरमन

नका ओढू. बॅटरी मागे असली तरी तिची जाड केबल पुढे येतेच. पुढच्या मुख्य फ्यूजच्या डब्यात ८० अँपिअरच्या मेन फ्यूजपाशी वीज मिळेल. इंजिन चालू असताना वीज अल्टरनेटरकडून येते आणि तो पुढेच आहे, म्हणजे तुमचा सोर्स जवळच. तिथून वीज घ्या आणि आपला फ्यूज त्या जोडाच्या अगदी लगत लावा. फ्यूज लांब लावला तर मधल्या वायरीला कुणी वाली नाही.

फ्यूज निवडताना चालू प्रवाह बघून फसू नका. ३५ वॉटचा बॅलास्ट स्थिर झाल्यावर तीन-साडेतीन अँपिअर खातो, हॅलोजनपेक्षाही कमी. पेटताना मात्र क्षणभर त्याच्या चार-पाचपट ओढतो. दोन्ही एकदम पेटले की कंपनीच्या जुन्या स्विचवर तो भार नको, रिले त्यासाठीच. दोन्ही बाजूंना वेगळा फ्यूज द्या, एक गेला तरी एक दिवा राहील. रात्री घाटात, म्हणजे तुमच्याकडे जे काही असेल तिथे, दोन्ही एकदम जाणं परवडत नाही.

रिले त्या फ्यूजच्या डब्याजवळच लावा, पिना खाली करून. ३० वर वीज, ८७ वरून बॅलास्टला, ८५-८६ ला जुन्या दिव्याचा सिग्नल. जोडण्याआधी मीटर लावून बघा, काही जपानी गाड्यांत हेडलाइटचा स्विच धन बाजूला नसून अर्थच्या बाजूला असतो. तसं असेल तर तयार हार्नेस उलटं वागतं आणि माणूस दिवसभर डोकं खाजवत बसतो.

कडेची_लेन

आणि अपर-डिपर! हे कुणी बोललंच नाही. बाय-झेनॉनमध्ये कॅप्सूल एकच असते, अपर म्हणजे आतला पडदा सोलेनॉइडने (विजेच्या चुंबकाने) खाली पाडणं. पण एच४ पद्धतीच्या मूळ वायरिंगमध्ये अपर दिला की डिपरची वीज बंद होते. हार्नेस साधं असेल तर अपर देताक्षणी बॅलास्टची वीज जाईल आणि पडदा पडेल अंधारातच. दोन्ही सिग्नलना रिले चालू राहील अशी डायोडची (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागाची) सोय हार्नेसमध्ये हवी. टेबलावर तपासून घ्या. तापलेली कॅप्सूल विझवून लगेच पेटवणं तिच्या आयुष्यालाही बरं नाही.

निशाचर

तपासलं ताई, डायोड आहेत. अपर देताना खट् आवाज येतो आणि दिवा पेटलेलाच राहतो.

लेकफ्रंट

हे सगळं टाळायचं असेल त्यांच्यासाठी: ७ इंची तयार एलईडी दिवेही मिळतात, डॉटचा (अमेरिकी परिवहन खात्याच्या मानकाचा) शिक्का असलेले. वीज पुरवणारा ड्रायव्हर आतच, बाहेर काही बसवायला नको. मात्र मागचा हीटसिंक बकेटला टेकतो का ते बघावं लागतं. आणि एलईडीची काच गरम होत नाही, त्यामुळे आमच्याकडे बर्फ तिच्यावर चिकटून बसतो. काही कंपन्या त्यासाठी काचेला हीटर देतात. हॅलोजन मुकाट्याने बर्फ वितळवायचा, त्याची किंमत तेव्हा कळली नव्हती.

साधा_बल्ब

मी काय म्हणत होतो? :)

चकोर (बंगळूर)

वाचनमात्र होतो, एक शंका. बॅलास्टमुळे रेडिओत खरखर येते म्हणतात. मग जागा ठरवताना अँटेनाचाही विचार करायला नको का?

वायरमन

करायचा. पण खरखर दोन वाटांनी येते. एक हवेतून, उच्च दाबाच्या वायरीपासून. ती वायर आखूड आणि आवरणाची असली की बहुतेक भागतं. दुसरी वीजपुरवठ्याच्या वायरीतून. तिच्यासाठी बॅलास्टच्या आधी वायरीवर फेराइटचं (खरखर शोषणाऱ्या चुंबकीय पदार्थाचं) कडं लावतात, आणि अर्थ नीट घेतात. बॅलास्टची अर्थ रंग खरवडून उघड्या पत्र्यावर, दातेरी वॉशर लावून, वरून ग्रीस. नुसत्या रंगावर बोल्ट आवळून अर्थ घेणारे खूप पाहिलेत.

निशाचर

@चकोर, या गाडीची अँटेना मागच्या उजव्या मडगार्डवर आहे, बॅलास्टपासून जेवढी लांब असू शकते तेवढी लांब. तरी कडी मागवतो.

निशाचर

काम झालं. बॅलास्ट दोन्ही बाजूंना बकेटमागच्या पत्र्यावर, तोंड खाली. इग्नायटर बकेटला. मधली वायर आसाच्या लगतून मूळ वायरीबरोबर, वर विणलेली स्लीव्ह. रिले फ्यूजच्या डब्याशेजारी. इंजिन चालू ठेवून बॅलास्टच्या तोंडाशी व्होल्टेज मोजलं, मुख्य फ्यूजपाशी जेवढं तेवढंच जवळजवळ. जुन्या वायरिंगवर हाच फरक व्होल्टाच्या वर होता. तेव्हा @साधा_बल्ब, तुमच्या म्हणण्यात तथ्य होतं, नुसत्या रिलेनेही बराच फरक पडला असता.

गावाबाहेरच्या रस्त्यावर चालवून आलो. उजव्या कडेच्या पाट्या लांबून वाचता येतात आणि रेघ सरळ आहे.

कडेची_लेन

फोकस लावलात का? प्रोजेक्टर बसवल्यावर मूळचं सेटिंग धरून चालत नाही. १० मीटरवर भिंत घ्या, रेघ दिव्याच्या मध्यापेक्षा सुमारे १० सेंटिमीटर खाली यायला हवी. टाकी भरलेली आणि ड्रायव्हरच्या जागी माणूस बसलेला असू द्या, एवढ्या हलक्या गाडीत त्याने फरक पडतो. लावून झाल्यावर दिवे पाच-सहा वेळा वर-खाली करून रेघ परत त्याच जागी येते का ते बघा. आली नाही तर बकेटचा स्टॉपर झिजलाय.

निशाचर

लावला, शेजाऱ्यांच्या गॅरेजच्या दारावर, त्यांना विचारून. रेघ परत जागेवर येते. फक्त डावा दिवा उजव्याच्या किंचित मागून वर येतो. वायर अडतेय का?

लेकफ्रंट

फ्यूज काढून फिरकीने हाताने फिरवून बघा. दोन्हीकडे सारखंच हलकं लागलं तर वायरीचा काही संबंध नाही. दोन वेगळ्या मोटरी, दोन्हींचं वय तीस. माझ्या गाडीत उजवा मागे राहतो.

निशाचर

सारखंच लागतं.

वायरमन

मग तिकडे हात घालू नका.